आम्लपित्ताची जुनी कैफियत

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून १९३८ साली काश्यपसंहिता प्रसिद्ध झाली, तेव्हा नेपाळातील एका जीर्ण व खंडित पोथीत अडकून पडलेला हा ग्रंथ, राजगुरू हेमराज शर्मा यांच्या विस्तृत उपोद्घातासह आणि वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्या परिश्रमाने, अभ्यासकांच्या हाती आला. ग्रंथ मुख्यतः बालरोगांचा. तथापि त्याच्या खिलस्थानात आम्लपित्तावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि चरकाने या विकाराचा केवळ प्रसंगोपात्त निर्देश केला आहे हे ध्यानी घेतले म्हणजे त्या अध्यायाचे मोल कळते. पहिले अन्न जिरण्यापूर्वी दुसरे घेणे, विरुद्ध पदार्थ एकत्र करणे, जेवून उठताच दिवसा निजणे अशी कारणे तेथे नोंदलेली आहेत. शिवाय हा रोग पाणथळ अनूप देशात बळावतो, आणि औषधांनी शमेना तर रोग्याने देशांतर करावे, अशीही तजवीज सांगितली आहे. पोटापाण्यासाठी कोकणपट्टीस जखडलेल्या माणसाने ती अमलात कशी आणावी, हे मात्र ग्रंथकाराने सांगितलेले नाही.

पुढे माधवनिदानाने ऊर्ध्वग आणि अधोग असे दोन भेद केले. करपट ढेकर, छातीतली जळजळ आणि घशाशी येणारे आंबट पाणी यांनी वर्षानुवर्षे पिडलेला रुग्ण साधारणतः पहिल्या भेदात बसेल. परंतु प्राचीनांचे विदग्ध पित्त आणि आजच्या वैद्यकातील जठराम्ल यांना एकच समजण्याची जी घाई आपल्याकडे होते, ती मला मान्य नाही.

जठरातील आम्ल हे लवणाम्लच होय, हे लंडनच्या विल्यम प्राउट याने १८२३ साली दाखवून दिले, आणि तेथून सारा दोष त्या आम्लाच्या माथी आला. मॅग्नेशिया आणि खाण्याचा सोडा यांचा अंमल सुरू झाला व दीर्घकाळ टिकला. आम्ल वाढले म्हणून जळजळते, हा समज सोपा होता. पण आम्ल सहन करण्यास समर्थ असलेले जठर सोडून ते अन्ननलिकेत चढते कसे, ही पृच्छा बाजूसच राहिली. न्यूयॉर्कचे आशर विंकेलस्टीन यांनी १९३५ साली अन्ननलिकेच्या दाहाचा संबंध जठररसाशी जोडला. फिलिप ॲलिसन यांनी १९५१ साली, श्वासपटलाच्या छिद्रातून जठराचा भाग वर सरकल्याने हा प्रकार होतो, असे प्रतिपादन केले. आणि १९५६ साली अमेरिकेत फाइक, कोड व श्लेगेल यांनी नलिकेच्या खालच्या टोकाशी दाब मोजून तेथे एक आकुंचित पट्टा असल्याचे सिद्ध केले. कित्येक रुग्णांत आम्ल प्रमाणाबाहेर नसतेच. देवडीवरचा पहारेकरी अवेळी डुलकी घेतो, एवढेच. बाझेलचे शल्यविशारद रुडॉल्फ निसेन यांनी जठराचा वरचा भाग नलिकेभोवती गुंडाळून त्या देवडीचा बंदोबस्त केला. तरीही १९७६ साली सिमेटिडीन आणि १९८८ साली ओमेप्राझोल बाजारात आले, ते आम्लाची निर्मितीच रोखणारे. त्यांनी असंख्य लोकांची जळजळ थांबली, पण दार होते तसेच राहिले.

म्हणूनच पथ्याचा जुना भाग आजही निकामी ठरलेला नाही. जेवणानंतर डाव्या कुशीवर विसावण्याचा आपला प्रघात शरीररचना पाहून पडला असे मानण्यास आधार नाही. मात्र त्या कुशीवर अन्ननलिकेचे तोंड जठररसाच्या पातळीहून वर राहते, आणि उजव्या कुशीवर ते खाली जाते, हे खरे. रात्रीचे जेवण व निद्रा यांत तीन तासांचे अंतर, वाढलेले वजन उतरविणे, तंबाखू वर्ज्य करणे, हे उपाय डॉक्टरही सांगतात. घास अडकू लागला, शौचास काळे झाले वा अकारण वजन घटले, तर मात्र पथ्याच्या भरवशावर न राहता तपासणी करून घ्यावी. रात्री त्रास होणाऱ्याने पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा द्याव्यात. नुसत्या उशांची चळत रचली तर कमरेत वाकल्याने पोट दाबले जाते आणि आम्ल उलट वरच लोटले जाते.