विडी न ओढणाऱ्या फुप्फुसांची गोष्ट

फुप्फुसाच्या आजारांवरचा धडा असला की त्यात सिगारेटचे चित्र असतेच, आणि ती सिगारेट बहुधा पुरुषाच्या हातात असते. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. त्याची दुसरी बाजू १९५० च्या दशकात दिल्लीत उजेडात आली. ती कशी, ते पाहू.

डॉ. शिवरामकृष्ण पद्मावती यांचा जन्म १९१७ साली ब्रह्मदेशात झाला. रंगूनला वैद्यकीय शिक्षण घेऊन, पुढे इंग्लंड-अमेरिकेत हृदयरोगांचा अभ्यास करून १९५३ साली त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाल्या. भारतातील पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यांनी ज्या विकारांचा अभ्यास केला, त्यांपैकी एक होता 'कॉर पल्मोनेल'.

हा विकार दिसतो हृदयात, पण सुरू होतो फुप्फुसात. श्वासनलिका अरुंद झाल्या की रक्ताला प्राणवायू कमी पडतो. मग फुप्फुसातील रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यांतून रक्त ढकलताना हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यावर ताण येतो. वर्षानुवर्षे हा ताण सोसून तो कप्पा मोठा होतो आणि शेवटी थकतो. रुग्णाला धाप लागते, पायांवर सूज येते.

१९५९ साली डॉ. पद्मावती व त्यांच्या सहकाऱ्याने दिल्लीतील अशा १२७ रुग्णांचा अभ्यास 'सर्क्युलेशन' या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांच्या या व नंतरच्या अभ्यासांतून एक कोडे पुढे आले. पुरुषांपैकी सुमारे ७५ टक्के धूम्रपान करणारे होते, स्त्रियांपैकी फक्त १० टक्के. तंबाखू हेच कारण असते, तर हा विकार पुरुषांत कितीतरी जास्त आढळायला हवा होता. प्रत्यक्षात तो दोघांत जवळपास सारखाच होता. एवढेच नव्हे, तर स्त्रियांना तो १० ते १५ वर्षे आधी गाठत होता.

मग स्त्रियांच्या फुप्फुसात धूर आला कोठून? उत्तर स्वयंपाकघरात होते. गोवऱ्या आणि सरपण यांच्या धुरात या स्त्रिया लहान वयापासून रोज बसत होत्या. दक्षिणेकडे हा विकार कमी होता. तिकडे हवा उबदार असल्याने स्वयंपाक करताना घर मोकळे राहते, हा त्याचा अर्थ लावला गेला.

आता धूर नेमके काय करतो ते पाहू. धुराचे सूक्ष्म कण फुप्फुसात उतरले की तेथील भक्षक पेशी ते गिळतात आणि रासायनिक संदेश सोडून आणखी पांढऱ्या पेशी बोलावतात. या पेशींची विकरे शरीराच्या स्वतःच्याच ऊतींना इजा करतात. यालाच आपण दाह म्हणतो. दाह एकदा झाला आणि शमला तर बिघडत नाही. तो रोज होत राहिला तर श्वासनलिकांच्या भिंती जाड होतात, वायुकोश फाटतात. धूर विडीचा की चुलीचा, हे पाहून दाह थांबत नाही.

याच काळात इंग्लंडमध्ये काय चालले होते? डॉल आणि हिल यांनी १९५१ साली ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाचा प्रसिद्ध अभ्यास सुरू केला. त्यातील ३४,४३९ पुरुषांचे निष्कर्ष १९५४ पासून येऊ लागले. ६,१९४ स्त्री डॉक्टरांचे स्वतंत्र निष्कर्ष प्रसिद्ध झाले १९८० साली. धूम्रपानाने फुप्फुसाची क्षमता कशी घटते, हे दाखवणारा फ्लेचर आणि पेटो यांचा १९७७ चा आलेख आजही पाठ्यपुस्तकांत असतो. तो लंडनमधील ७९२ नोकरदारांवर आधारलेला आहे, आणि ते सारे पुरुष होते. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. त्या वेळी भरपूर सिगारेटी ओढणारे बहुतांशी पुरुषच होते. पण सवय अशी पडली की पुरुषाचे फुप्फुस म्हणजेच माणसाचे फुप्फुस.

या सवयीचा परिणाम २००१ साली मोजला गेला. अमेरिका व कॅनडातील १९२ डॉक्टरांना एकाच काल्पनिक रुग्णाची माहिती दिली. काहींसाठी तो पुरुष होता, काहींसाठी स्त्री. श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा विकार, म्हणजे सी.ओ.पी.डी., हे निदान पुरुषाच्या बाबतीत अधिक वेळा झाले. श्वासाच्या यंत्रचाचणीचे आकडे हाती दिल्यावर हा फरक कमी झाला. आणि त्याआधीच, २००० साली, अमेरिकेत या विकाराने मरण पावलेल्या स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक झाली होती.

मग फरक फक्त धुराचा आणि निदानाचा आहे का? शरीराचाही आहे. १९८० साली हार्वर्डच्या जेरे मीड यांनी दाखवले की फुप्फुसाच्या आकाराच्या मानाने पुरुषांच्या श्वासनलिकांचा व्यास स्त्रियांपेक्षा सुमारे १७ टक्के जास्त असतो. फरक छोटा वाटेल. पण नळीचा व्यास एवढा वाढला तर संथ प्रवाहाला होणारा विरोध जवळजवळ निम्मा होतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. वर्गात गणित करून पाहण्याजोगे आहे. संप्रेरकांचाही वाटा आहे: लहानपणी दमा मुलांत जास्त दिसतो, वयात आल्यानंतर स्त्रियांत. उंदरांवरील प्रयोगांत पुरुष-संप्रेरक दाह घडवणाऱ्या काही पेशींना आवर घालताना दिसले आहे.

म्हणून दिल्लीच्या आकड्यांतून एकच निष्कर्ष काढून चालणार नाही. तेथे पुरुष चुलीपुढे बसत नव्हते आणि स्त्रिया विड्या ओढत नव्हत्या. त्यामुळे चुलीचा वाटा किती आणि शरीररचनेचा किती, हे त्या आकड्यांतून वेगळे होत नाही. अरुंद नलिका आणि जास्त धूर, दोन्ही एकाच बाजूला जमा झाले होते.

या प्रश्नाला जागतिक पातळीवर मांडण्यात पुण्याचाही हात आहे. येथील डॉ. संदीप साळवी यांनी ब्रिटनचे पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले की सी.ओ.पी.डी.च्या रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्क्यांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी, तर सरपण-गोवऱ्यांसारख्या इंधनाच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी, असा त्यांचा हिशेब होता.

डॉ. पद्मावती २०२० साली, वयाच्या १०३ व्या वर्षी, कोविडने वारल्या. त्याआधी २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅसची जोडणी कोट्यवधी घरांत पोहोचली होती. पण सिलिंडर परवडत नाही तेथे चूलही पेटत राहते. शिवाय जी स्त्री ३० वर्षे धुरात बसली, तिची फुप्फुसे गॅस आल्याने पूर्ववत होत नाहीत. तिला धाप लागते तेव्हा "वय झाले" म्हणून सोडून देऊ नये. "विडी ओढता का?" या प्रश्नावर तिचे उत्तर "नाही" असेच येणार. पुढचा प्रश्न विचारायला हवा: "स्वयंपाक कशावर केलात, आणि किती वर्षे?" आपल्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न घरी आजीला विचारला, तर तपासणीची वाट तिथूनच सुरू होईल.