वाळवंटातील फसवी लक्ष्मी

सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन सोन्याचे कण वेचणारे झारेकरी आपण पाहिले आहेत. दिवाळीत त्यांची आठवण झाली, की मला अमेरिकेतील कोलोरॅडो नदीची कथाही आठवते.

युटाच्या वाळवंटात, ग्लेन कॅन्यनच्या तांबड्या कड्यांमध्ये, १८८३ साली कॅस हाइट याला नदीच्या वाळूत सोने आढळले. मग माणसांची रीघ लागली. होड्यांतून वाळूच्या एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जात लोक वाळू धूत राहिले. सोने होते, पण पिठासारखे बारीक! पाण्याबरोबर तेही वाहून जाई.

हे काम यंत्राने साधेल, असे रॉबर्ट स्टँटन या इंजिनिअरला वाटले. १८८९ साली याच नदीवरील त्याच्या मोहिमेतील तिघे बुडाले होते. तरी त्याची उमेद खचली नव्हती. गाड्यांतून सुटे भाग आणून त्याने नदीवर अजस्र यंत्रनौका उभारली. बादल्यांची माळ तळची वाळू उपसू लागली. १९०१ साली दोनदा सोने गोळा केले. मिळाले किती? अवघे ६७ डॉलरांचे! कंपनी बुडाली.

१९६३ साली धरणाचे दरवाजे मिटले आणि यंत्रनौकाही जलाशयाखाली गेली.

आमचा झारेकरी धुळीकडून मूठभरच मागतो. म्हणूनच बहुधा त्याची चूल पेटते.