रॅपिड किटवरची लाल रेषा: सोन्याचे सूक्ष्म कण काय सांगतात?

गर्भधारणा, मलेरिया, डेंग्यू किंवा कोविडच्या रॅपिड किटवर उमटणारी लालसर रेषा तुम्ही पाहिली असेल. बऱ्याच किटमध्ये हा रंग सोन्याच्या नॅनोकणांचा असतो.

सोनेच का?
विषाणूचे प्रथिन किंवा गर्भधारणेचे संप्रेरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याला रंगीत खूण जोडावी लागते. हे कण साधारण 20 ते 40 नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा हजारपटीहून लहान असतात. एवढ्या आकारात सोने हिरवा प्रकाश जोरदार शोषते आणि त्यामुळे लाल दिसते.

रेषा कशी उमटते?
प्रत्येक कणावर अँटीबॉडी बसवलेल्या असतात. तुमच्या नमुन्यात शोधायचा पदार्थ असेल तर तो कणांना चिकटतो आणि त्यांच्यासह पट्टीवर पुढे सरकतो. ‘टी’ रेषेवरच्या अँटीबॉडी त्याला पकडतात. तिथे पुरेसे कण साचले की रेषा दिसते.

संवेदनक्षमता कशी वाढवतात?
पदार्थ फार थोडा असेल तर कणही कमी साचतात आणि रेषा दिसत नाही. त्यावर उपाय म्हणून काही चाचण्यांत सोन्याच्या कणांवर चांदीचा थर चढवून खूण ठळक करतात. काहींत चमकणारे कण वापरून त्यांचा प्रकाश यंत्राने मोजतात.

निकाल वाचताना
• ‘सी’ रेषा आली नाही तर चाचणी बाद समजा आणि नवे किट वापरा.
• दिलेल्या वेळेत आलेली फिकट ‘टी’ रेषाही सहसा पॉझिटिव्ह धरतात.
• वेळ उलटून गेल्यावर दिसलेल्या रेषेवर विसंबू नका.

निगेटिव्ह म्हणजे आजार नाही, असे नाही
डेंग्यूची एनएस1 चाचणी तापाच्या पहिल्या काही दिवसांत अधिक उपयोगी असते. नंतर ती निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा डॉक्टर आयजीएम चाचणी सुचवतात. पाळी चुकल्यावर लगेच केलेली गर्भचाचणी निगेटिव्ह आली, तर काही दिवसांनी पुन्हा करा.

किटचा निकाल काहीही असो, तापात पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, रक्तस्राव किंवा गुंगी आढळल्यास रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्या. पाळी चुकली असताना पोटात एका बाजूला तीव्र दुखत असेल, तरीही वेळ दवडू नका.