मोटारविक्रीतून उद्योगसमूहाकडे : गरवारे घराण्याची वाटचाल

मराठी माणूस आणि व्यापार हा विषय निघाला, की नोकरीची ओढ आणि जोखमीची भीती यांची चर्चा ठरलेली असते. या समजाला छेद देणाऱ्या नावांमध्ये भालचंद्र दिगंबर ऊर्फ आबासाहेब गरवारे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. 'गरवारे' म्हटले की आज प्लॅस्टिक, दोर आणि मासेमारीची जाळी आठवतात. या उद्योगाची सुरुवात मात्र जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीतून झाली.

आबासाहेबांचा जन्म 21 डिसेंबर 1903 रोजी सांगली जिल्ह्यातील तासगाव येथे झाला. शालेय शिक्षण अर्धवट राहिले आणि कोवळ्या वयातच त्यांनी मुंबईची वाट धरली. तेथे मोटारींच्या व्यवसायाची ओळख झाल्यावर त्यांनी गिरगावात 'डेक्कन मोटर एजन्सी' सुरू केली.

त्या काळी भारतात मोटार बनत नसे. गाड्या परदेशातून येत. पुढे जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडी येथे सुट्या भागांची जुळणी सुरू केली. नवी मोटार संस्थानिक, बडे व्यापारी आणि इंग्रज अधिकारी यांनाच परवडे. डॉक्टर, वकील किंवा छोटा व्यापारी यांच्यासाठी जुनी गाडी हाच मार्ग होता. परंतु जुन्या गाडीत गिऱ्हाईक फसण्याची शक्यता अधिक. मुंबईहून पुण्याला निघालेली मोटार खोपोली सोडून बोरघाट चढू लागली, की पाणी उकळून इंजिनाची खरी अवस्था उघडी पडे. साहजिकच या धंद्यात गाडीची पारख आणि विक्रेत्याचा शब्द हेच मुख्य भांडवल होते.

1929 नंतरच्या जागतिक मंदीत अनेकांचे व्यवसाय बुडाले. आबासाहेबांनी त्याच मंदीत संधी पाहिली. 1933 च्या सुमारास ते इंग्लंडला गेले. तेथे जुन्या मोटारींचे भाव कोसळले होते. शिवाय ब्रिटनमध्ये 1921 पासून इंजिनाच्या अश्वशक्तीनुसार वार्षिक कर द्यावा लागत असल्याने जुन्या मोठ्या गाड्या बाळगणे महाग पडे. आबासाहेबांनी स्वस्तात मोटारी विकत घेऊन तेथेही व्यवसायात जम बसवला. फारसे औपचारिक शिक्षण नसलेल्या मराठी तरुणाने राज्यकर्त्यांच्याच देशात मोटारी विकाव्यात, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. देशी कारखानदारीला संरक्षण देण्याच्या धोरणामुळे तयार मोटारींच्या आयातीवर निर्बंध आले आणि 1954 पर्यंत जनरल मोटर्स व फोर्ड या दोन्ही कंपन्यांनी भारतातील जुळणी थांबवली. विदेशी मोटारींच्या व्यापाराचे क्षेत्र असे आक्रसत गेले. गरवारे समूह तोवर उत्पादनाकडे वळला होता. प्लॅस्टिक, नायलॉन, रंग, पॉलिएस्टर फिल्म अशी क्षेत्रे त्याने काबीज केली. 1976 मध्ये अमेरिकी कंपनीच्या सहकार्याने 'गरवारे-वॉल रोप्स' स्थापन झाली. आबासाहेब 1959 मध्ये मुंबईचे शेरीफ झाले, तर 1971 मध्ये त्यांना 'पद्मभूषण' किताब मिळाला. 2 नोव्हेंबर 1990 रोजी त्यांचे निधन झाले.

पुण्यातील आबासाहेब गरवारे महाविद्यालय आणि विमलाबाई गरवारे प्रशाला, तसेच मुंबई विद्यापीठातील गरवारे संस्था यांमुळे हे नाव शिक्षणक्षेत्राशीही जोडले गेले. ज्यांना शाळा पुरी करता आली नाही, त्यांच्या नावाने आज हजारो विद्यार्थी शिकतात.

पुढील पिढ्यांनी कंपन्यांना काळानुरूप नवी नावे दिली. गरवारे-वॉल रोप्स 2018 मध्ये 'गरवारे टेक्निकल फायबर्स' झाली, तर गरवारे पॉलिएस्टर 2021 मध्ये 'गरवारे हाय-टेक फिल्म्स'. ही दुसरी कंपनी मोटारींच्या काचांवरील ऊनरोधक फिल्म आणि रंगाचे रक्षण करणारी पारदर्शक फिल्म बनवते. मोटारी विकून उभ्या राहिलेल्या घराण्याचे मोटारीशी असलेले नाते, वेगळ्या रूपात का होईना, टिकून आहे. एका व्यापारातून मिळालेला पैसा आणि अनुभव योग्य वेळी दुसऱ्या उद्योगात गुंतवणे, हे या वाटचालीचे खरे मर्म म्हणता येईल.