दिव्यांची निगा

मोटारीच्या पुढच्या दिव्यांचा इतिहास सामान्यतः वाढत्या तेजाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु त्या तेजामागे राबणाऱ्या हातांकडे जो लक्ष देईल, त्याला तेथे निगेचाही एक इतिहास आढळेल. ही निगा मध्यंतरी काही काळ संपल्यासारखी भासली, आणि नंतर दिव्याच्या दुसऱ्याच भागावर परत आली.

1898 च्या सुमारास मुंबईत पहिल्या मोटारी धावू लागल्या, तेव्हा घोडागाडीच्या कंदिलांचाच वारसा मोटारींकडे आला होता. पुढे तेलाच्या दिव्यांची जागा अ‍ॅसिटिलीनने घेतली. कार्बाइडच्या खड्यांवर थेंबथेंब पाणी पडावे, त्यातून निघालेला वायू नळीने दिव्यात जावा, आणि वाऱ्यापावसातही न विझणारी शुभ्र ज्योत पेटावी, अशी ती तजवीज होती. पण प्रवास संपला की भांड्याच्या तळाशी चुन्याचा करडा लगदा साचलेला असे, आणि लसणासारख्या उग्र दर्पात तो खरवडून काढल्यावाचून दुसऱ्या रात्री दिवा लागत नसे. ज्योतीमागच्या परावर्तकावर चांदीचा मुलामा असे. हवेतील गंधकाने तो काळवंडे, आणि मऊ कातड्याने पुसताना हात जरा जड पडला तर काजळीबरोबर मुलामाही झिजे. त्या काळी दिव्याचे आयुष्य असे त्याच्या पाठीमागच्या चकाकीवर अवलंबून होते.

1912 साली कॅडिलॅक मोटारीत विजेचे दिवे कारखान्यातूनच बसून येऊ लागले, तेव्हा चुना खरवडण्याचे काम मागे पडले. तरी फटीतून शिरणारी धूळ आणि दमट हवा परावर्तकाला छळतच राहिली. तिचा बंदोबस्त अमेरिकेत 1940 च्या मोटारींनी केला. सात इंची काचेच्या एकाच बंद कवचात तार, परावर्तक आणि पुढची भिंग-काच कायमची सांधून टाकण्यात आली. दिवा गेला तर सबंध कवच बदलायचे, एवढेच मालकाचे कर्तव्य उरले. आपल्याकडच्या अँबॅसडर आणि फियाट-पद्मिनी यांचे गोल दिवेही काचेचेच. त्या काचेवर चिखल बसला तर फडक्याने जाई आणि दगड लागला तर तडा दिसे. ती वयाने अंधुक होत नसे. ज्या पिढीने त्याच गाड्या चालविल्या, तिला दिव्याची काच म्हातारी होते ही कल्पनाच अपरिचित होती.

ही स्थिती पालटण्यास रसायनशास्त्रातील एक शोध कारण झाला. 1953 साली जर्मनीत बायर कंपनीच्या हेर्मान श्नेल यांना, आणि त्याच वेळी स्वतंत्रपणे अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांना, पॉलिकार्बोनेट गवसले. वजनाला हलके, आघाताला चिवट आणि हव्या त्या आकारात ओतता येणारे हे पारदर्शक द्रव्य पुढे दिव्यांसाठीही पसंत पडले. अमेरिकेत दिव्यांचा आकार सरकारी नियमांनी बांधलेला होता. फोर्ड कंपनीच्या अर्जावरून 1983 मध्ये त्यातून मुभा मिळाली, आणि 1984 च्या लिंकन मार्क सेव्हनवर गाडीच्या अंगाशी एकजीव झालेले नव्या घडणीचे दिवे आले. पुढे काचेऐवजी पॉलिकार्बोनेटच्या भिंगांची चाल जगभर पसरली.

परंतु या द्रव्याला ओरखडा लवकर पडतो, आणि उन्हातील अतिनील किरणांनी त्याचे रेणू तुटून पृष्ठभाग पिवळा पडतो. म्हणून कारखान्यात त्यावर एक पातळ, कठीण लेप चढवितात. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीवर हा लेप वरच्या कडेपासून झिजू लागतो, मग सूक्ष्म भेगा पडतात आणि भिंग दुधाळ होते. यात खरी हानी रंगाची नव्हे; फ्रान्समध्ये तर 1930 च्या दशकाच्या अखेरीपासून 1993 पर्यंत पिवळा झोत कायद्यानेच सक्तीचा होता. हानी आहे ती विखुरण्याची, कारण विस्कटलेला प्रकाश रस्त्यावर कमी पडतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत अधिक शिरतो. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने 2018 साली केलेल्या चाचणीत अशा भिंगांतून नव्याच्या केवळ पंचमांश प्रकाश बाहेर पडला. भिंगे नीट घासून दुरुस्त केल्यावर मात्र तो सुमारे 70 टक्क्यांपर्यंत परत आला.

येथूनच डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांत एक नवे कसब रुजले. कारागीर दिव्याभोवतीच्या रंगावर टेप चिकटवितो, आठशे-हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून जुना लेप घासून काढतो, आणि ओघळणारे पाणी पिवळट दुधाचे होऊन मग स्वच्छ येऊ लागले की दोन हजारांवर, तीन हजारांवर जातो. शेवटी रबिंग कंपाउंडने बफिंग. येथे गाडी नव्यासारखी दिसते, आणि पुष्कळ जण येथेच थांबतात. टूथपेस्टच्या घरगुती उपायाचीही मजल येथपर्यंतच. पण संरक्षक लेप गेलेले भिंग उन्हापुढे उघडे असते, आणि काही महिन्यांतच पूर्वीपेक्षाही वेगाने अंधुक होते. सबब, अतिनील किरणे अडविणारा पारदर्शक लेप वरून चढविणे हाच या कामाचा प्राण होय, आणि जो कारागीर तो चढविल्यावाचून गाडी हाती देत नाही, तोच आपल्या कामाशी प्रामाणिक.

कार्बाइडचा दिवा निगा राखली नाही तर पेटतच नसे, त्यामुळे आळसाला वावच नव्हता. आजचा दिवा मात्र वर्षानुवर्षे मंदावत पेटत राहतो, आणि मालकाची नजर त्या मंदपणाला सरावते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतन करताना परिवहन कार्यालयात तिची तपासणी होते. पण तोवर वाट पाहणे धोक्याचे आहे. ब्रेक-टायरांबरोबर भिंगांचीही दरवर्षी पारख व्हावी, आणि त्या कामाची मजुरी देताना घासाघीस होऊ नये, कारण ती मजुरी आपल्या दृष्टीसाठी जितकी आहे तितकीच समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या जिवासाठीही आहे.