घरगुती ध्वनिपरिवर्तक पेट्या आणि बेंजो

वाद्याचा स्वर विद्युत्‌मंडलातून नेऊन तो मुद्दाम फाटका, कंपित वा प्रतिध्वनियुक्त करणाऱ्या पेट्या गिटारवादकाच्या पायाशी असतात. म्हणूनच त्यांस ‘पेडल’ हे नाव मिळाले. त्यांचा इतिहास सामान्यतः अमेरिकेतील व इंग्लंडमधील कंपन्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो बऱ्याच अंशी हातकारागिरीचा इतिहास होय. आणि महाराष्ट्रापुरते पाहिल्यास त्याचा धागा गिटारपेक्षा बेंजोशी अधिक जुळतो.

ह्या पेट्यांपैकी प्रमुख जी ‘फझ’, तिचा उगम एका बिघाडात आहे. मार्टी रॉबिन्स यांचे ‘डोंट वरी’ हे गीत १९६१ साली प्रसिद्ध झाले. नॅशव्हिल येथे झालेल्या त्याच्या ध्वनिमुद्रणात, मिश्रणयंत्रातील दोषामुळे ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा स्वर फाटका उमटला व तो तसाच ठेवण्यात आला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी रेव्हिस हॉब्ज यांच्या साह्याने तोच दोष ट्रान्झिस्टरच्या मंडलातून हुकमी उत्पन्न केला. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ही पेटी ‘मेस्ट्रो फझ-टोन’ ह्या नावाने विक्रीस आणली. पुढे तिला फारसे गिऱ्हाईक उरले नाही. परंतु १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ ह्या गीतात ती ऐकू येताच मागणी उसळली. त्याच वर्षी तिचे पेटंटही मंजूर झाले. मराठीत ‘खरखर’ हा शब्द रेडिओच्या दोषापुरताच राहिला. दोष गुण होताच त्यासाठी परका शब्द घेतला गेला, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने नोंदविण्याजोगी आहे.

१९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने काढलेल्या ‘फझ फेस’च्या मंडलात दोन ट्रान्झिस्टर, चार रोधक, तीन धारित्रे व दोन फिरते रोधक, असे अवघे अकरा घटक होते. इतके साधे मंडल घरी जोडता न येते तरच नवल. मात्र आरंभीच्या पेटीतील ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते. भारतात बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ह्या धातूच्या घटकांचे उत्पादन १९६२ पासून सुरू केले. जर्मेनियममधील गळतीचा प्रवाह तापमानाच्या दर १० अंशांस सुमारे दुप्पट होतो. जालना जिल्ह्यातील अंकुशनगर ह्या साखर कारखान्याच्या गावी पौषातील १५ अंशांवर जुळविलेली पेटी वैशाखातील ४० अंशांवर नेली, तर ही गळती पाचपटीहून अधिक होईल व स्वर गुदमरेल. लंडनच्या हवेतील आकडे येथे जसेच्या तसे उपयोगी पडत नाहीत. म्हणून कारागीर प्रत्येक ट्रान्झिस्टर मोजून निवडतो किंवा एक रोधक बदलता ठेवतो. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर वापरल्यास उष्णतेची अडचण बरीच मिटते, पण स्वर अधिक तीक्ष्ण होतो.

स्वरात हेतुपुरस्सर गुंजन आणण्याची कला महाराष्ट्रास नवी नव्हती. मिरजेचे तंबोरे करणारे कारागीर घोडीचा पृष्ठभाग घासून जवारी काढतात. तारेखाली सुताचा दोरा सरकवून उपस्वर उठविले जातात. फझच्या मंडलातही मूळ स्वरात नसलेल्या उपस्वरांचीच भर पडते. साधने भिन्न असली तरी दोन्हीकडे अंतिम निर्णय कानाचा असतो. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि त्या कारागिरीस उशिरा का होईना, कागदोपत्री स्थान लाभले.

बेंजोच्या वाट्यास असे काही आलेले नाही. गणेशोत्सवाच्या मिरवणुकांतून मुंबई व कोकणात वाजणारा बेंजो हा अमेरिकेतील बॅन्जो नव्हे. नागोया येथे १९१२ मध्ये गोरो मोरिता यांनी टंकलेखन यंत्राच्या धर्तीवर कळा बसवून ‘ताइशोगोतो’ हे तंतुवाद्य केले. भारतात त्यास ‘बुलबुल तरंग’ व ‘जपानी बेंजो’ ही नावे पडली. बलुचिस्तानातील ‘बेंजू’ ह्याच कुळातला. वाद्य जपानी व नाव अमेरिकी, अशा ह्या जोडीमुळे ग्रंथालयातील सूचीत शोधणारा विद्यार्थी हमखास चुकतो: ‘बॅन्जो’खाली त्यास भलतेच वाद्य सापडते, ‘बुलबुल तरंग’खाली विजेविना वाजणारे.

ताशा-ढोलांच्या गजरात ह्या वाद्याचा बारीक आवाज टिकणे शक्य नव्हते. पोलादी तारांखाली चुंबक व त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवून तो वर्धकाकडे नेण्यात आला. तत्त्व विद्युत् गिटारचेच. गरज मात्र निराळी: नॅशव्हिलने रंग शोधला, मुंबईच्या रस्त्याने प्रथम मोठेपणा शोधला आणि प्रतिध्वनीचा रंग त्यावर चढविला.

अनेक पेट्या एकत्र मांडताना क्रमास महत्त्व येते. मराठीत ‘घर’, ‘आत’, ‘ला’ यांच्या क्रमाने ‘घरातला’ सिद्ध होतो; तो उलटल्यास शब्दच उरत नाही. येथे शब्दाइतके कडक बंधन नसले तरी फझच्या आधी प्रतिध्वनी ठेवल्यास सर्व आवर्तने एकमेकांत चिरडली जातात. म्हणून सामान्यतः फझ आधी व प्रतिध्वनी नंतर. जुन्या जर्मेनियम पेटीत बहुधा धन टोक भूमीस जोडलेले असते, इतरांत ऋण. दोहोंस एकाच वीजपुरवठ्यावर जोडणारास ‘शॉर्ट’चा अनुभव तत्काळ येतो.

बेंजोच्या विद्युतीकरणाचा पुरावा कागदापेक्षा वाद्यातच, म्हणजे डाखकामात, तारेच्या जाडीत व चुंबकाच्या बसवणीत शोधावा लागेल. तो फार टिकाऊ नाही. वेटोळे तुटले की तार उलगडून नवे गुंडाळले जाते, आणि आधीच्या हाताची खूण त्याबरोबर नाहीशी होते.