भूमापकांची कार्यसुरक्षा (मराठवाडा)

भूमापकांची कार्यसुरक्षा : जमीन, वास्तू व इतर स्थावर मालमत्ता यांची मोजणी वा पाहणी करणाऱ्यांच्या आरोग्याचे व जीविताचे काम चालू असताना होणारे रक्षण. कारखान्यातील कामगाराचे कामाचे ठिकाण ठरलेले असते. भूमापकाचे रोज बदलते आणि ते बहुधा दुसऱ्याच्या मालकीचे असते. तेथील धोके आधीच दूर करणे त्याच्या हाती नसते. नांदेड व लातूर या जिल्ह्यांचा आणि त्यांच्या लगतच्या प्रदेशाचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

विल्यम लॅम्टन याने हाती घेतलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील एक पायारेषा १८१५ मध्ये बीदरजवळ दामरगिड्डा येथे मोजण्यात आली. त्या काळी या कामातील सर्वांत मोठा धोका तापाचा होता. १८१९ मध्ये कृष्णा व गोदावरी यांच्या दरम्यानच्या जंगलात काम करीत असता जॉर्ज एव्हरेस्ट व त्याचे जवळजवळ सर्व पथक तापाने आजारी पडले व काही जण दगावले. प्रकृती सुधारण्यासाठी एव्हरेस्टला पुढे केप ऑफ गुड होप येथे जावे लागले. लॅम्टन स्वतः १८२३ मध्ये प्रवासात असताना हिंगणघाट येथे मरण पावला. दूषित हवेमुळे ताप येतो, असा तत्कालीन समज होता. हिवतापाचा व डासांचा संबंध रॉनल्ड रॉस याने १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे दाखवून दिला. तोपर्यंत जंगलातील मुक्कामाची जागा व हंगाम यांची निवड अनुभवावरच करावी लागे.

निजामी राज्यात पहिले सालारजंग यांच्या कारभारात, सु. १८७५ पासून, मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी व जमाबंदी सुरू झाली. ३३ फुटी साखळीचे १६ आणे आणि एका साखळीच्या चौरसाचा एक गुंठा, हे कोष्टक ग्रामीण भागात सर्वपरिचित झाले. पिके निघाल्यावर शेते मोकळी होतात. त्यामुळे मोजणीचा हंगाम उन्हाळ्यापर्यंत पोहोचतो आणि या भागात एप्रिल-मे मध्ये तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. सावली नसणे, पाण्याची टंचाई, कठडा नसलेल्या विहिरी, बांधावरील गवतात आढळणारे नाग, घोणस व फुरसे हे नेहमीचे धोके होत. साखळी ओढणारे, निशाण धरणारे व झुडपे तोडणारे मजूर पुढे असत. त्यामुळे हे धोके प्रथम त्यांच्याच वाट्यास येत. सर्वेक्षणाच्या इतिहासात अधिकाऱ्यांची नावे राहिली. या मजुरांची क्वचितच आढळतात.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपाने या विषयाला वेगळे परिमाण दिले. त्यात लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील सु. दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. येथील घरांच्या दगडमातीच्या जाड भिंतींत आतील व बाहेरील दर्शनी थरांना सांधणारे लांब दगड सहसा नव्हते आणि वर माळवदाच्या मातीचे ओझे होते. उभी राहिलेली भिंतही आतून सुटलेली असू शकते. नुकसानीच्या नोंदीसाठी व पुनर्वसनासाठी घरोघर पाहणी करणे भाग होते. परंतु ज्या भिंतीची सुरक्षितता ठरवायची, तिच्याच जवळ उभे राहावे लागे आणि मुख्य धक्क्यानंतर लहान धक्के बसतच होते. अशा पाहणीत घराभोवती प्रथम बाहेरून फिरावे, फुगलेल्या भिंतीपासून तिच्या उंचीहून अधिक अंतर ठेवावे, एकट्याने आत जाऊ नये व बाहेर पडण्याची वाट आधी पाहून ठेवावी, असे नियम पाळणे इष्ट असते. अमेरिकेत १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत भूकंपग्रस्त इमारतींवर हिरवे, पिवळे वा तांबडे फलक लावतात. त्यामुळे नंतर येणाऱ्या प्रत्येकास सूचना मिळते.

उपग्रहाधारित उपकरणे व २०२० च्या स्वामित्व योजनेतील ड्रोन यांमुळे गावठाणातील मोजणी पुष्कळ सुकर झाली आहे. तथापि हद्दीच्या खुणा पटविण्यासाठी माणसाला जागेवर जावेच लागते. वीजवाहिनीखाली धातूचा उंच दंड उभा धरणे धोक्याचे असते. हद्दीच्या वादातून होणारी दमदाटी हीदेखील सुरक्षेचीच बाब होय.

१९४८ चा कारखाने अधिनियम कारखान्याच्या आवारापुरता होता. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तिची व्याप्ती मोठी असली, तरी केंद्र व राज्य शासनांची कार्यालये तिच्या कक्षेबाहेर आहेत आणि मराठवाड्यातील भूकरमापक हा भूमि अभिलेख विभागाचा, म्हणजे राज्य शासनाचाच, कर्मचारी असतो. म्हणून त्याची सुरक्षितता मुख्यतः खात्याचे आदेश, पुरविलेली साधने व पथकप्रमुखाची दक्षता यांवर अवलंबून राहते. धोकादायक जागी मोजणी पुढे ढकलण्याचा अधिकार जागेवरील माणसास असणे, ही तिची पहिली अट मानावी लागेल.